पॅरिशच्या वह्यांत पूर्वज शोधताना

माझं सासर इंग्लंडमधल्या डार्बीशरचं. शिशाच्या खाणीत उतरणारी, मेंढ्या राखणारी, दुसऱ्याच्या शेतावर राबणारी ही माणसं. सासूबाईंना आपल्या माहेरचे चार-पाच पिढ्यांपलीकडचे लोक कोण होते, हे जाणून घ्यायचं होतं. त्यांची नजर अधू झाली तसं ते काम माझ्याकडे आलं, आणि पुढे ओळखीच्या इतर कुटुंबांसाठीही मी ते करत गेले. सरदार-उमरावांच्या वंशावळी छापील ग्रंथांत मिळतात. खाणकामगाराची वंशावळ जुळवायची तर मुख्य आधार एकच: त्याच्या पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतल्या परिसराच्या वह्या. त्यांत तीनच गोष्टी लिहिलेल्या असतात: बाप्तिस्मा, लग्न आणि दफन. मराठी घरांतली कितीतरी मुलं-मुली आज इंग्लंडमध्ये संसार करत आहेत, आणि त्यांच्या मुलांची निम्मी मुळं अशाच एखाद्या पॅरिशमध्ये असू शकतात. त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून, या वह्यांनी मला जे शिकवलं ते इथे मांडते.

१. शोध आपल्यापासून मागे न्यावा

आडनाव एखाद्या जुन्या सरदार घराण्याशी जुळलं की तिथून खाली उतरत यायचा मोह होतो. तो टाळावा. आपल्या माहितीच्या माणसापासून एकेक पिढी मागे जावं आणि एक दुवा पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली. जन्माच्या दाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव असतं, लग्नाच्या दाखल्यावर दोघांच्या वडिलांची नावं आणि धंदे. १८५१ च्या जनगणनेत प्रत्येकाला जन्माची पॅरिश विचारली गेली, आणि ती कळली की कोणती वही उघडायची हे ठरतं. १८४१ ची जनगणना मात्र जपून वापरावी. तीत पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं साधारणपणे पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, त्यामुळे एकोणचाळीस वर्षांचा माणूस तिथे पस्तीसचा दिसतो.

त्याही आधी घरातल्या थोरांना विचारावं. सासूबाईंच्या आत्येआजीने त्यांना लहानपणी एका चॅपलचं नाव सांगितलं होतं. ते नाव पुढे फार मोलाचं ठरलं.

२. वहीमागचा हुकूम माहीत करून घ्यावा

या वह्या आपल्यासाठी लिहिलेल्या नाहीत. त्या हुकुमाने लिहिल्या गेल्या आणि हुकूम बदलला तसा मजकूर बदलला. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली फर्मान काढलं की प्रत्येक पॅरिशने वही ठेवावी, रविवारी चर्चवॉर्डनच्या, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या गावकऱ्याच्या समक्ष आठवड्याच्या नोंदी कराव्यात आणि वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवावी. सुरुवातीच्या बऱ्याच वह्या कागदी होत्या. १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवून काढण्याचा आदेश आला आणि त्यात एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनच्या, म्हणजे १५५८ पासूनच्या नोंदींवर भर होता. अनेक पाद्रींनी त्याआधीची वीस वर्षं उतरवलीच नाहीत. म्हणून कितीतरी पॅरिशच्या वह्या नेमक्या १५५८ ला सुरू होतात. स्ट्रॅटफर्डच्या चर्चमध्ये २६ एप्रिल १५६४ ची शेक्सपिअरच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे, तीसुद्धा अशाच नंतर उतरवलेल्या वहीत.

पुढच्या दोन तारखा तर पाठच असाव्यात. लॉर्ड हार्डविक यांचा विवाह कायदा २५ मार्च १७५४ पासून लागू झाला. तेव्हापासून लग्नाच्या नोंदीखाली वधू-वर आणि साक्षीदार यांच्या सह्या किंवा निशाण्या मिळतात. जॉर्ज रोझ यांच्या कायद्याने १ जानेवारी १८१३ पासून छापील रकान्यांच्या वह्या आल्या: बाप्तिस्म्यात राहण्याचं ठिकाण आणि वडिलांचा धंदा, दफनात वय. ‘खाणकामगार’ हा शब्द आमच्या घराण्यापुढे मला पहिल्यांदा याच रकान्यात दिसला. १८१३ च्या आधीच्या नोंदीत यातलं काही मिळालं नाही तर निराश होऊ नये. लिहिणाऱ्याला ते कोणी विचारलंच नव्हतं.

३. बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारीख धरू नये

पुष्कळदा बाळ काही दिवसांचं असताना बाप्तिस्मा होई, पण नेहमीच नाही. काही घरांत तीन-चार मुलांचा एकाच दिवशी उरकलेला दिसतो. त्यामागे कधी दूरचं चर्च असतं, कधी आईचं आजारपण, कधी पैसा. १ ऑक्टोबर १७८३ पासून सरकारने प्रत्येक बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदीवर तीन पेन्सचा कर बसवला आणि गरिबांना त्यातून सूट दिली. १७८३ च्या सप्टेंबरची पानं अनेक पॅरिशमध्ये गच्च भरलेली आहेत. कर लागू होण्याआधी लोकांनी मोठाली मुलंही चर्चमध्ये आणली. हा कर १७९४ मध्ये उठला. त्या अकरा वर्षांत एखादं मूल नोंदीत नसेल तर ते जन्मलंच नाही असं मानू नये. पुढच्या-मागच्या भावंडांच्या तारखांमधलं अंतर पाहावं. दोन-दोन वर्षांनी येणारी मुलं अचानक पाच वर्षं थांबली, तर त्या जागी कोणीतरी असण्याचा संभव असतो.

४. १७५२ पूर्वीचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं

इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागत असे. एका जोडप्याचं लग्न मे १७२० मध्ये आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२० मध्ये लिहिलेला दिसला, तर मूल लग्नाआधीचं नव्हे. तो फेब्रुवारी मे महिन्यानंतरचा आहे, आजच्या हिशेबाने १७२१ चा. माझ्या टिपणांत जानेवारी ते २४ मार्चपर्यंतच्या जुन्या तारखा मी दोन्ही वर्षांसह लिहिते, १७२०/२१ अशा. वहीतलं वर्षही राहतं आणि वाचणाऱ्याची गफलतही होत नाही. १७५२ साली आणखी एक बदल झाला. २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. मधल्या अकरा तारखांना तिथे काहीच घडलेलं नाही.

५. अक्षर ओळखायचं तर लिहिणाऱ्याची सवय ओळखावी

सोळाव्या-सतराव्या शतकातलं वळण आजच्या इंग्रजीपेक्षा इतकं वेगळं आहे की पहिल्यांदा पान पाहिल्यावर एकही शब्द लागत नाही. ज्यांनी मोडी वाचली आहे त्यांना यातून जायची वाट लवकर सापडेल, कारण युक्ती तीच: अडलेलं अक्षर त्याच कारकुनाच्या ओळखीच्या शब्दांत शोधायचं. मी आधी महिन्यांची नावं आणि जॉन, मेरी, विल्यम अशी नेहमीची नावं वाचून काढते, त्यांतून त्या हाताची अक्षरमाला तयार करते आणि मग आडनावांकडे वळते. जुन्या नोंदी लॅटिनमध्येही असतात. तिथे जेम्सचा जाकोबुस होतो आणि विल्यमचा गुलिएल्मुस. पण शब्द मोजकेच आणि तेच ते, त्यामुळे तेवढ्यापुरती लॅटिन लवकर जमते. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने जुनं हस्ताक्षर शिकण्याचे धडे इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. ते अवश्य करावेत.

आडनावाच्या एकाच स्पेलिंगला धरून बसू नये. पाद्री कानावर पडेल तसं लिहीत आणि सांगणाऱ्याला लिहिता-वाचता येत नसे. एकाच बापाच्या तीन मुलांची आडनावं तीन तऱ्हांनी लिहिलेली मी पाहिली आहेत. संगणकावरची सूची शोधासाठी उत्तम आहे, पण ती कोणीतरी वाचून टंकलेली असते. सूचीत नाव मिळालं की मूळ पानाचं छायाचित्र पाहावंच. समासातली बारीक टीप, वरचं-खालचं शेजारी कुटुंब, पाद्रीचा शेरा हे सगळं पानावरच असतं.

६. नाव जुळणं पुरेसं नाही, सगळं कुटुंब जुळवावं

माझ्या मते या कामाचा गाभा इथे आहे. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव लागतं आणि दोन गणपत लगेच वेगळे होतात. इंग्लंडमध्ये ती सोय नाही. त्यातून आजोबांचं नाव नातवाला ठेवायची चाल, त्यामुळे एका गावात एकाच नावाचे चुलतभाऊ हमखास असतात. शिवाय एखादं मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव देत, म्हणजे एका घरातही दोन जॉन निघतात.

सासूबाईंच्या पणजोबांचे आजोबा जॉन. जनगणनेवरून त्यांचा जन्म डार्बीशरमधल्या बेकवेलजवळचा ठरला. वहीत त्याच सुमाराचे दोन जॉन होते, एक विल्यमचा आणि एक थॉमसचा. अशा वेळी मी सर्वांत आधी दफनाची वही उघडते. ‘विल्यमचा मुलगा जॉन’ दोन हिवाळ्यांनी मातीआड गेला होता. बहुतेक जण इथे थांबतात, पण एक बाद झाला म्हणजे दुसरा आपोआप आपला होत नाही. थॉमसचा जॉन दुसरीकडे लग्न करून गेला नाही कशावरून? म्हणून मी थॉमसच्या सगळ्या मुलांची यादी केली, प्रत्येकाचा बाप्तिस्मा, लग्न, दफन लावत. आमच्या जॉनच्या लग्नात साक्षीदार म्हणून फुलीची निशाणी करणारी बाई त्या यादीतली बहीण निघाली. पुढे जॉनच्या आजोबांचं मृत्युपत्र मिळालं. त्यात ‘माझा मुलगा थॉमस याचा मुलगा जॉन’ असा स्पष्ट उल्लेख होता. तेव्हाच तो दुवा मी शाईने लिहिला.

साक्षीदारांबद्दल एक सावधगिरी. एकच नाव पानामागून पान प्रत्येक लग्नाखाली दिसत असेल तर तो पॅरिशचा कारकून किंवा चर्चवॉर्डन असतो, नातेवाईक नव्हे. सह्यांची वळणं मात्र जपून ठेवावीत. एकाच नावाच्या दोन माणसांना वेगळं करायला सहीसारखं साधन नाही. आणि लग्न सापडत नसेल तर वधूच्या पॅरिशमध्ये पाहावं. लग्न बहुधा तिथे लागे, आणि पहिल्या बाळाचा बाप्तिस्माही पुष्कळदा आईच्या गावी होई.

७. पान हरवलं तर त्याची प्रत शोधावी

इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या आणि त्यानंतरच्या राजाविना काळात, १६४२ ते १६६० या दरम्यान, पुष्कळ वह्यांना भोकं पडलेली आहेत. काही वह्या ओलीने गेल्या, काही उंदरांनी, काही आगीने. पण १५९८ च्या आदेशाने पॅरिशने दरवर्षी नोंदींची नक्कल बिशपकडे पाठवायची होती. या बिशपच्या प्रती हा दुसरा दरवाजा. मूळ वही चांगली असली तरी ही प्रत पाहावी, कारण एकीत सुटलेलं नाव दुसरीत मिळतं.

इथे कौंटी आणि बिशपचा प्रांत यांतला फरक लक्षात ठेवावा लागतो. डार्बीशरच्या पॅरिशच्या मूळ वह्या मॅटलॉकच्या रेकॉर्ड ऑफिसात आहेत. पण १८८४ पर्यंत हा मुलूख लिचफील्डच्या बिशपकडे होता, म्हणून प्रती आणि जुनी मृत्युपत्रं शेजारच्या स्टॅफर्डशरच्या दप्तरात शोधावी लागतात. पॅरिशचा आकारही पाहावा. बेकवेलची पॅरिश अवाढव्य होती. तिच्या पोटात मनीॲश, चेलमॉर्टन अशी उपचर्चं होती आणि त्यांच्या वह्या निराळ्या. जुन्या पॅरिशच्या सीमा दाखवणारा नकाशा टेबलावर नसेल तर या कामाला बसू नये.

८. कुटुंब चर्चमधून नाहीसं झालं तर चॅपलचं दार ठोठावावं

जॉनचं लग्न चर्चमध्ये होतं, दफन चर्चमध्ये होतं, पण मुलांचे बाप्तिस्मे कुठेच नव्हते. इथे आत्येआजीने सांगितलेलं चॅपल उपयोगी पडलं. कुटुंब मेथडिस्ट झालं होतं, म्हणजे अधिकृत चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथात गेलं होतं. १७५४ च्या कायद्याने क्वेकर आणि ज्यू सोडून सर्वांना अधिकृत चर्चमध्येच लग्न लावणं भाग होतं, दफनालाही बहुधा चर्चचं आवार हीच जागा असे, पण बाप्तिस्मा आपल्या चॅपलमध्ये करता येई. १८३७ नंतर अशा अनेक पंथांच्या वह्या सरकारने मागवून घेतल्या आणि त्या आता क्यूच्या अभिलेखागारात आहेत. लग्न आहे, दफन आहे आणि मुलं नाहीत, असं चित्र दिसलं की धर्मपंथ बदलला का, हा पहिला प्रश्न विचारावा.

९. गरिबाची कहाणी पेटीतल्या इतर कागदांत असते

पॅरिशच्या पेटीत वह्यांखेरीज गरिबांच्या पोटगीचे हिशेब असत. १६०१ च्या कायद्याने आपापल्या गरिबांचा भार पॅरिशवर होता आणि १६६२ च्या कायद्याने कोण कोणत्या पॅरिशचा हे ठरवण्याची रीत घातली. परक्या गावात माणूस कंगाल झाला की न्यायाधीशांपुढे त्याची जबानी होई: जन्म कुठला, उमेदवारी कुठे केली, सालभर चाकरी कोणाकडे केली. ज्याने स्वतः एक अक्षर लिहिलं नाही अशा माणसाचं सबंध आयुष्य या एका कागदावर मिळतं. पॅरिशच्या हिशेबांत एका विधवेला दिलेले जोडे, कोळसा आणि आठवड्याचे शिलिंग लिहिलेले असतात. दिवस गेलेल्या अविवाहित बाईला दुसऱ्या गावी धाडण्याचे हुकूमही तिथेच असतात, कारण मूल आपल्या हद्दीत जन्मलं तर खर्च आपल्यावर पडेल ही भीती.

आमच्या घराण्यातही अशी एक बाई होती. नोंदीत बाळाचा बाप नाही, फक्त तिचं नाव आणि एक कठोर शब्द. सासूबाईंना ते कसं सांगावं, याचा मी विचार करत होते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि तिचं नाव वंशावळीत ठळक लिहायला सांगितलं, कारण तिने ते मूल वाढवलं म्हणून आपण सगळे आहोत. तेव्हापासून अशी नोंद कोणाच्याही घरात निघाली तरी मी ती झाकत नाही आणि मिरवतही नाही. जशी आहे तशी देते.

१०. इंग्लंडात न सापडणारा माणूस मुंबई इलाख्यात सापडू शकतो

घरातला धाकटा मुलगा विशीत नाहीसा होतो, लग्न नाही, दफन नाही. असे पुष्कळ जण ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत गेले. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज चर्चमधल्या बाप्तिस्मा-लग्न-दफनांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि मुंबईच्या नोंदी १७०९ पासून मिळतात. मुंबईचं सेंट थॉमस चर्च १७१८ चं, म्हणजे तेसुद्धा उभं राहण्याआधीपासून. जॉनचा एक भाऊ मला त्यांत खडकीच्या छावणीत दफन झालेला मिळाला. पुण्यात वाढलेल्या मला ते नाव डार्बीशरच्या घराण्यात लिहिताना आपली दोन्ही घरं जवळ आल्यासारखं वाटलं.

उलटा प्रवासही वह्यांत आहे. २२ डिसेंबर १६१६ रोजी लंडनच्या सेंट डायनिस बॅकचर्चमध्ये बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावरून आणलेल्या एका हिंदी मुलाचा बाप्तिस्मा झाला. त्याला पीटर हे नाव राजा पहिला जेम्स याने दिलं. आईबापांनी ठेवलेलं नाव मात्र कोणी लिहिलं नाही. वही काय सांगते याइतकंच तिने काय विचारलं नाही, हेही वाचत जावं.

११. वंशावळ पुराव्यासह आणि रिकाम्या जागांसह सोपवावी

प्रत्येक नावाखाली मी तीन गोष्टी लिहिते: कोणती वही, कोणतं पान, आणि हा माणूस आपलाच कशावरून. पुरावा अपुरा असेल तर पेन्सिलीने लिहिते आणि पुढच्या पिढीसाठी जागा मोकळी सोडते. ओढूनताणून जोडलेला एक दुवा त्याच्यामागची सगळी माणसं परकी करून टाकतो.

हे सगळं इतक्या काळजीने का करायचं? डार्बीशरमधल्या ईम गावात १६६५-६६ च्या प्लेगमध्ये गावकऱ्यांनी रोग बाहेर जाऊ नये म्हणून स्वतःला कोंडून घेतलं. १६६६ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या हॅनकॉक नावाच्या एका बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. पाद्री विल्यम मॉम्पेसन याची बायको कॅथरीन हिचं दफनही त्याच महिन्यातलं. पाद्रीच्या बायकोला एक ओळ आणि शेतकऱ्याच्या लेकरालाही एक ओळ. एक दिवस जगलेलं बाळ, पॅरिशच्या पोटगीवर मेलेली म्हातारी, वाटेवर मरून पडलेला अनोळखी वाटसरू, सर्वांची नोंद त्याच वहीत, त्याच शाईने.

आपल्या जुन्या कुलवृत्तांतांचा मला अभिमान आहे. पण त्यांत मुलींच्या शाखा बहुधा लग्नापाशी संपतात आणि अल्पवयात गेलेली मुलं क्वचितच दिसतात. आज कोणी आपल्या घराण्याचा वृत्तांत नव्याने लिहायला घेणार असेल, तर माझं एवढंच मागणं आहे: लेकींची नावं त्यांच्या मुलाबाळांसह लिहा, गेलेल्या बाळांची नावं लिहा, ज्या सुनेचं माहेर कोणाला आठवत नाही तिचं माहेर शोधा. नोंद व्हायला कर्तृत्व लागत नाही, जन्म पुरतो.